एका डावापुरता नव्हे : चिप रीसची कारकीर्द

२००६ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासमध्ये झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला मुख्य स्पर्धेचा. दहा हजार डॉलर भरून तिच्यात ८,७७३ जण उतरले, खेळ एकच, नो-लिमिट होल्डेम, आणि ती जिंकणाऱ्या जेमी गोल्डला १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. दुसरा निकाल त्याच मोसमात पहिल्यांदा भरवलेल्या एका स्पर्धेचा. तिचे प्रवेशशुल्क पन्नास हजार डॉलर, उतरलेले खेळाडू १४३, आणि खेळ पाच, आळीपाळीने. ती जिंकली पंचावन्न वर्षांच्या डेव्हिड रीसने, ज्याला सगळे व्हेगास ‘चिप’ या नावाने ओळखत होते. त्याला १७,८४,६४० डॉलर मिळाले, म्हणजे गोल्डच्या बक्षिसाचा साधारण सातवा हिस्सा. बाहेरच्या जगात गाजला तो पहिला निकाल. पोकरवर ज्यांचे पोट आहे त्यांच्या लेखी मात्र त्या वर्षीचा खरा निकाल दुसरा होता. पुढच्या पानांत रीसची कारकीर्द आहे. ती वाचायला घेण्यापूर्वी या दुसऱ्या निकालाला एवढे वजन का द्यायचे, हे या प्रस्तावनेत मांडायचे आहे. कारण त्या प्रश्नाचे उत्तर पटले नाही, तर रीसचे सगळे आयुष्य म्हणजे एका नशीबवान माणसाने पत्त्यांवर मिळवलेल्या पैशाची गोष्ट एवढेच उरेल.

माझे म्हणणे असे आहे. ज्या खेळात नशिबाचा वाटा मोठा असतो, तिथे माणसाचे कौशल्य त्याच्या मोठ्यात मोठ्या विजयावरून कळत नाही. त्याला दोन कसोट्या लावाव्या लागतात, एक काळाची आणि दुसरी विविधतेची. या दोन्हींची नेहमी गल्लत होते. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत. काळ नशिबाला चाळून काढतो. चांगली पाने एका रात्री, एका आठवड्यात, क्वचित एका वर्षात एकाच्याच वाट्याला येऊ शकतात. तीस वर्षे येत नाहीत. पण तीस वर्षे एकच खेळ खेळून जिंकणारा माणूसही केवळ सवयीने जिंकत असेल, ठरावीक प्रसंगाची ठरावीक उत्तरे त्याला पाठ झाली असतील, ही शक्यता काळाच्या कसोटीनंतरही शिल्लक राहते. विविधता ती शक्यता तपासते. नियम बदला, जिंकणारा हात कोणता हेच उलटे करा, पैसे लावायची पद्धत बदला. माणूस तोच ठेवा. तरीही तो जिंकत राहिला, तर त्याच्याजवळ जे आहे ते एका खेळाच्या पाठांतराहून खोल आहे असे मानायला भक्कम आधार मिळतो. रीस या दोन्ही कसोट्यांना एकाच वेळी उतरला, आणि असे उतरलेले खेळाडू पोकरच्या इतिहासात फार थोडे आहेत.

ही कसोटी मी आज लावतो आहे असेही नाही. १९७० मध्ये लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये पहिली वर्ल्ड सिरीज झाली, तेव्हा मोजके नामांकित खेळाडू बोलावले गेले, त्यांनी अनेक प्रकारचे पोकर खेळले आणि सर्वांत चांगला कोण हे खेळाडूंच्या मतांनी ठरले. टेक्सासचा जॉनी मॉस विजेता झाला. त्या पहिल्या व्याख्येत विजेता म्हणजे सर्व प्रकारांत श्रेष्ठ असा माणूस होता. मतदानाने विजेता ठरवण्यात प्रेक्षकांना रस वाटेना, म्हणून पुढच्याच वर्षापासून एकाच खेळाची, एक उरेपर्यंत चालणारी स्पर्धा सुरू झाली आणि नो-लिमिट होल्डेम मुख्य खेळ ठरला. २००३ मध्ये टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता स्पर्धेतून आत आला आणि मुख्य स्पर्धा जिंकून गेला, तेव्हा झाकलेली पाने दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे होल्डेम घराघरांत पोचले होते. त्या लाटेत पोकर आणि होल्डेम जवळजवळ एकच होऊन बसले. नव्या पिढीला पोकरचे इतर प्रकार आहेत हेच ठाऊक नव्हते. पन्नास हजार डॉलरची ती मिश्र स्पर्धा सुरू झाली ती याच काळात, आणि ज्यांना १९७० ची व्याख्या अजून मान्य होती त्यांना तिची निकड वाटत होती.

त्या स्पर्धेला ‘हॉर्स’ म्हणत. होल्डेम, ओमाहा, रॅझ, सेव्हन-कार्ड स्टड आणि स्टडचाच वाटणीचा प्रकार असे पाच खेळ, ठरावीक वेळाने बदलणारे. होल्डेममध्ये हातात दोन झाकलेली पाने आणि मधे सर्वांची मिळून पाच उघडी. ओमाहात हातात चार पाने, पण त्यांतली बरोबर दोनच वापरायची, आणि डावावरचा पैसा अर्धा सर्वांत वरच्या हाताला, अर्धा सर्वांत खालच्या हाताला. खालचा हात म्हणजे अठ्ठी किंवा तिच्याखालची पाच वेगवेगळी पाने. इथे एक्का दोन्हीकडे चालतो, म्हणून एक्का आणि दुर्री असलेला हात होल्डेममध्ये फारसा किमती नसला तरी ओमाहात मोलाचा ठरतो. रॅझमध्ये सगळेच उलटे: ज्याचा हात सर्वांत खालचा तो जिंकला, एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा सर्वोत्तम, आणि दोन राजे हाती आले तर ती आपत्ती. स्टडमध्ये मधली सामाईक पाने नाहीतच. प्रत्येकाला सात पाने, त्यांतली तीन झाकलेली आणि चार सर्वांना दिसणारी.

यातला एकच बारकावा जवळून पाहिला तरी विविधता म्हणजे काय ते ध्यानात येईल. समजा, स्टडच्या डावात तुम्हाला पहिल्या दोन झाकल्या पानांत दोन राजे आले आणि उघडे पान म्हणून सत्ती आली. जोडी चांगली आहे. पण टेबलावर नजर फिरवली तर समोरच्या दोघांची उघडी पाने म्हणजे उरलेले दोन राजे. तुमची जोडी आता तीन राजांत कधीच वाढणार नाही, आणि हात सोडून देणेच शहाणपणाचे होऊ शकते. ज्यांनी डाव सोडला त्यांची पाने लगेच उचलली जातात, म्हणून कोणते पान दिसून गेले हे सातव्या पानापर्यंत डोक्यात ठेवावे लागते. आता खेळ बदलून रॅझ झाला. तुमच्याकडे एक्का, तिर्री आणि छक्की आहे, आणि समोरच्यांच्या उघड्या पानांत तिर्र्या आणि छक्क्या दिसत आहेत. स्टडमध्ये जी वाईट बातमी होती ती इथे चांगली आहे, कारण रॅझमध्ये जोडी झाली की हात बिघडतो, आणि तुमच्या पानांची जोडी करणारी पाने गड्डीतून निघून गेली आहेत. दिसलेले पान तेच, त्याचा अर्थ उलटा. वाटणीच्या स्टडमध्ये तर हे दोन्ही हिशेब एकाच वेळी करायचे असतात, वरच्या हातासाठी एक आणि खालच्यासाठी दुसरा. नियम पाठ करणे सोपे आहे. अर्ध्या तासापूर्वी ज्या पानाने हात खचवला त्याच पानावर आता हात उभा करायचा, मनात मागच्या खेळाचा लवलेशही उरू द्यायचा नाही आणि हे सलग बारा-चौदा तास करायचे, हे फार थोड्यांना जमते.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले, ते याच तत्त्वावर: पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याचा विचार करावा लागतो. त्याच निकालात तीन पत्तीच्या जातीच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकले गेले. कोर्टाने जी कसोटी रमीला लावली ती स्टडला लावली, तर स्टड तिला जास्त काटेकोरपणे उतरतो असे माझे मत आहे.

रीसचा जन्म १९५१ चा, ओहायो राज्यातल्या डेटनचा. लहानपणी त्याला ऱ्हुमॅटिक तापाने गाठले आणि शाळेतले जवळजवळ एक वर्ष त्याने घरात काढले. त्या काळात आईने त्याला पत्त्यांचे आणि पटावरचे खेळ शिकवले. पुढे तो शाळेत फुटबॉल आणि वादविवाद दोन्हींत चमकला, डार्टमथ कॉलेजात अर्थशास्त्र शिकला, आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याने एवढे नाव कमावले की पुढे त्या खोलीला त्याचेच नाव दिले गेले. पुढच्या शिक्षणासाठी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला जाताना तो व्हेगासमध्ये थांबला, खिशात काहीशे डॉलर होते, थोड्याच दिवसांत ते अनेक हजारांचे झाले, आणि स्टॅनफर्ड राहून गेले. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते आणि ती आकर्षकही आहे, पण पुरावा म्हणून तिची किंमत मी शून्य धरतो. काहीशे डॉलरचे अनेक हजार करून व्हेगासमध्ये राहिलेले, आणि मग सगळे घालवून गेलेले तरुण त्या काळात कमी नव्हते. रीसच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे ते त्यानंतरचे.

त्यानंतर चारच-पाच वर्षांत डॉयल ब्रन्सनने पोकरवरचा एक ग्रंथ स्वतः छापला, जो पुढे ‘सुपर सिस्टीम’ या नावाने प्रसिद्ध झाला. ब्रन्सन तेव्हा लागोपाठ दोनदा, १९७६ आणि १९७७ मध्ये, मुख्य स्पर्धा जिंकलेला माणूस. सगळे पोकर आपणच लिहायचे नाही, ज्या प्रकारात जो सर्वांत वरचा त्याच्याकडून तो भाग लिहून घ्यायचा असे त्याने ठरवले. लिमिट होल्डेम बॉबी बाल्डविनकडे गेले, वाटणीचे खेळ डेव्हिड स्क्लॅन्स्कीकडे, ड्रॉ पोकर माइक कॅरोकडे. आणि सेव्हन-कार्ड स्टड आले विशीच्या अखेरीस असलेल्या रीसकडे. इथे एक चोख आक्षेप निघतो. हा ग्रंथच तर तज्ज्ञतेच्या बाजूचा पुरावा आहे! ब्रन्सनसारख्याने प्रत्येक खेळाला वेगळा माणूस धुंडाळला, याचा अर्थ सर्व खेळांत श्रेष्ठ असा कोणी नसतोच. आक्षेप खरा आहे, पण अर्धा. रीसला त्या पुस्तकात जागा मिळाली ती एका खेळातल्या तज्ज्ञतेमुळेच, आणि १९७८ व १९८२ मध्ये त्याने जिंकलेली वर्ल्ड सिरीजची पहिली दोन ब्रेसलेट्स, म्हणजे स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारी कडी, तीही स्टडच्याच कुळातली आहेत. पण हॉर्सचे पाच खेळ पुन्हा पाहा: त्यांतले तीन स्टडच्या अंगाचे आहेत. एका खेळात तळापर्यंत गेलेल्या माणसाला शेजारच्या खेळाचा तळही लवकर सापडतो. जो सर्व खेळ थोडे थोडे शिकतो तो हरहुन्नरी नसतो, तो सगळीकडे थोडा थोडा हरतो. रीसची विविधता एका ठिकाणी खोल रुजून मग पसरलेली होती, आणि म्हणूनच तज्ज्ञता विरुद्ध विविधता अशी लढाई लावून त्याच्याकडे पाहणे मला चुकीचे वाटते.

ती पसरण्यामागे हौसेपेक्षा पोटापाण्याचा प्रश्न मोठा होता, आणि ही बाजू बहुतेक लेखक सोडून देतात. पोकरच्या व्यावसायिकाला पगार नसतो. त्याच्या मिळकतीसाठी त्याच्याहून कच्चे खेळणारा आणि हरणे परवडणारा कोणीतरी समोर बसावा लागतो, आणि कोणता खेळ खेळायचा हे बहुधा तो समोरचा ठरवतो. त्याला रॅझ आवडत असेल तर टेबल रॅझचे लागते. ज्याला एकच खेळ येतो तो त्या रात्री बाहेर बसतो. स्टू अंगरचे उदाहरण इथे डोळ्यांत भरते. जिन रमीत त्याच्यासारखा खेळाडू झाला नाही असे त्याचे प्रतिस्पर्धीच म्हणत. इतका श्रेष्ठ की त्याच्यासमोर जिन रमीला बसायला कोणी तयार होईना, आणि त्याला पोकरकडे वळावे लागले. होल्डेममध्येही त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा मुख्य स्पर्धा जिंकली. निव्वळ प्रतिभेच्या तागडीत तो रीसच्या वर बसेल असे मला वाटते. पण मुख्य स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकल्यानंतर दीड वर्षातच, नोव्हेंबर १९९८ मध्ये, व्हेगासच्या एका साध्या मोटेलात तो मृतावस्थेत सापडला, वय पंचेचाळीस, व्यसनांनी पोखरलेला आणि पैशाने रिकामा. हे सारे एकाच खेळात अडकल्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्याच्या ऱ्हासाला इतर कारणे होती आणि ती दुःखद होती. पण श्रेष्ठत्वाने आपलीच बाजारपेठ संपवणारा खेळाडू आणि प्रत्येक टेबलाला बसता येणारा खेळाडू यांच्यातला फरक या दोन आयुष्यांत लख्ख दिसतो.

आता नशिबाच्या आक्षेपाकडे. तो हलका नाही आणि त्याला हलके उत्तर देऊ नये. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी ही सर्वांत मोठी सुरुवात, आणि राजांची जोडी तिच्या खालोखाल. या दोन जोड्या एकमेकांसमोर आल्या, पाचही मधली पाने उघडली, तर एक्के साधारण ऐंशी-ब्याऐंशी टक्के वेळा जिंकतात. म्हणजे सर्वोत्तम हात घेऊन सर्वोत्तम निर्णय घेणारा माणूसही पाचातून जवळजवळ एकदा हरतो. मोठ्या डावांत हा हेलकावा केवढा असतो हे टेक्सासचा बँकर अँडी बील याने दाखवून दिले. २००१ पासून तो व्हेगासच्या खेळाडूंना आव्हान देत आला, दोघांतच खेळायचे लिमिट होल्डेम, आणि पैज इतकी वाढवत नेली की एकेकट्याला ती पेलवेना. मग रीस, ब्रन्सन आणि इतरांनी पैसा एकत्र करून गट केला आणि एकेकाला त्याच्यासमोर बसवले. २००६ च्या फेब्रुवारीत बीलने आधी या गटाकडून १ कोटीहून जास्त डॉलर जिंकले, आणि महिना संपायच्या आत याच गटातल्या फिल आयव्हीने तीन दिवसांत त्याच्याकडून १ कोटी ६६ लाख काढून घेतले. जगातले सर्वांत चांगले खेळाडू वर्गणी काढून बसत होते, यावरूनच त्यांना नशिबाची ताकद किती नीट ठाऊक होती ते कळते. पण नशीब ताकदवान आहे याचा अर्थ कौशल्य नाही असा होत नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या वर्ल्ड सिरीजचे निकाल तपासले. त्याआधीच्या कामगिरीवरून जे निष्णात म्हणून ओळखता येत होते, त्यांना त्या वर्षी भरलेल्या शुल्कावर सरासरी तीस टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला. बाकीच्यांचे सरासरी पंधरा टक्के गेले. निष्णातांची निवड निकालाआधीच्या माहितीवरून केली होती, ही यातली महत्त्वाची गोष्ट. फासे फेकणाऱ्यांत असे आधी ओळखून काढता येत नाही.

रीसच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची बहुतेक कमाई स्पर्धांतली नव्हती, ती रोखीच्या टेबलांवरची होती, आणि त्या टेबलांची वही कोणी ठेवत नाही. बेलाजिओच्या ज्या बंद खोलीला बॉबी बाल्डविनचे नाव होते, तिथे चार हजार-आठ हजार डॉलरच्या पैजांवर तो वर्षानुवर्षे बसला; किती जिंकला आणि किती हरला याचा अधिकृत आकडा नाही. मग तो रोखीच्या टेबलांवरचा सर्वकाळचा श्रेष्ठ खेळाडू होता, हे त्याच्या सहकाऱ्यांचे म्हणणे नुसती दंतकथा का मानू नये? याला माझे उत्तर असे की आकडा नसला तरी साक्ष आहे, आणि साक्षीदार त्याच्याकडून हरलेले आहेत. मित्राच्या स्तुतीला किंमत कमी असते. ज्याचा पैसा गेला त्याच्या स्तुतीला जास्त. शिवाय त्या पैजांवर हरणारा माणूस तीन दशके टिकत नाही, त्याचा पैसा संपतो आणि खुर्ची दुसऱ्याकडे जाते. १९९१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, रीस पोकरच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेव्हा त्या मानाला पोचलेला तो सर्वांत तरुण हयात खेळाडू होता. पुढे या मानासाठी किमान चाळीस वर्षांची अट आली, तेव्हा ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

२००६ च्या विजयाचे महत्त्व याच संदर्भात आहे. इतकी वर्षे बंद दाराआड जे होते ते एकदा उजेडात, नोंदीसह, घडले. अंतिम टेबलावर नऊ जण उरले, त्यांत डॉयल ब्रन्सन, फिल आयव्ही, टी. जे. क्लूटियर, ड्यूई टॉम्को आणि १९९३ चा मुख्य स्पर्धेचा विजेता जिम बेक्टेल होते. इतके भक्कम टेबल वर्ल्ड सिरीजमध्ये क्वचितच जमले असेल. शेवटी रीससमोर उरला अँडी ब्लॉक, एमआयटीचा अभियंता, हार्वर्डचा कायदा पदवीधर आणि ब्लॅकजॅकच्या गाजलेल्या एमआयटी संघात खेळलेला. त्या दोघांची झुंज सात तासांहून जास्त चालली, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये तोवर एवढी लांब झुंज झाली नव्हती. इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी ते अंतिम टेबल पाच खेळांचे ठेवले नव्हते, केवळ नो-लिमिट होल्डेमचे, म्हणजे पैजेला मर्यादा नसलेल्या होल्डेमचे, होते. खेळाडूंना ते रुचले नाही आणि पुढच्या वर्षी अंतिम टेबलही मिश्र झाले. तेव्हा २००६ चा विजय हा पाच खेळांचा निर्भेळ विजय नाही, हे मान्य करायलाच हवे. पण तरुणांच्या, दूरचित्रवाणीच्या खेळात रीस पंचावन्नाव्या वर्षी, पाच खेळांच्या चाळणीतून वर येऊन, सहाव्या पद्धतीने जिंकला. पहिल्या ब्रेसलेटपासून तिसऱ्यापर्यंत अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, ४ डिसेंबर २००७ रोजी, तो व्हेगासच्या घरी झोपेतच गेला. २००८ पासून त्या स्पर्धेच्या विजेत्याला त्याच्या नावाचा करंडक दिला जातो.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. पोकरमध्ये नवा पैसा तयार होत नाही. जिंकणाऱ्याचा डॉलर हरणाऱ्याच्या खिशातून येतो आणि कॅसिनो आपला वाटा त्याआधीच कापून घेतो. मग अशा कारकिर्दीचे कौतुक का करायचे? मला हा आक्षेप मोडून काढायचा नाही, कारण तो बहुतांशी खरा आहे. लेव्हिट-माइल्स यांच्या आकड्यांचीच दुसरी बाजू पाहा: निष्णातांना नफा होतो याचा अर्थच हा की बाकी प्रचंड बहुसंख्य लोक तोट्यात असतात. खेळात कौशल्य आहे हे सिद्ध झाल्याने तो खेळणे शहाणपणाचे ठरत नाही. उलट कौशल्य जितके जास्त, तितका नवख्याचा तोटा निश्चित. आपल्याकडच्या चर्चेत हीच गोष्ट नेमकी हरवते. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, आणि तेव्हापासून वाद चालतो तो एवढ्यावरच की अमुक खेळ कौशल्याचा की नशिबाचा. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवले. गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत पोकरच्या स्पर्धा उघडपणे भरतात. मोबाइलवर पैसे लावून खेळणाऱ्या तरुणांना ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य वर्षानुवर्षे दिलासा म्हणून ऐकवले गेले, आणि अनेक घरांनी त्याची किंमत मोजली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर सरसकट बंदी घातली, कौशल्य असो वा नशीब. त्या बंदीबद्दल कोणाचे काहीही मत असो, तिने एक गोष्ट बरोबर ओळखली आहे: घातक काय आणि कौशल्याचे काय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रीसचे आयुष्य दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्या प्रश्नावर त्याचा दाखला देऊन कोणी पोकरला बसू नये, असे मला मनापासून वाटते. त्याच्यासारखे होण्यासाठी लागणारी स्मरणशक्ती, हरल्यावरही न ढळणारे चित्त आणि तीस वर्षांचा संयम हे सगळे एकत्र असलेली माणसे एका पिढीत बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि आपण त्यांतले एक आहोत असा भ्रम मात्र लाखोंना होतो.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा आहे. रीसनंतर पोकरचे शास्त्रच बदलले. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संगणकाने दोघांतले लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवले. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या यंत्राने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांना दोघांतल्या नो-लिमिट होल्डेममध्ये १,२०,००० डावांत हरवले, आणि दोनच वर्षांत सहा जणांच्या टेबलासाठीही यंत्र तयार झाले. आजचे तरुण या यंत्रांच्या उत्तरांवर घडले आहेत. एकाच खेळात रात्रंदिवस घोटलेल्या अशा तज्ज्ञासमोर रीसचा १९८० चा खेळ होल्डेममध्ये टिकला नसता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण एका खेळाची तयार उत्तरे आली की सर्व खेळ येणाऱ्याचा काळ संपतो, हा निष्कर्ष घाईचा आहे. रीसच्या नावाचा करंडक मायकेल मिझराचीने चारदा जिंकला, २०१०, २०१२, २०१८ आणि २०२५ मध्ये. त्या शेवटच्या वर्षी काही आठवड्यांतच त्याने ९,७३५ जणांतून मुख्य स्पर्धाही जिंकली, यंत्रांवर घडलेल्या पिढीच्या खास खेळात, आणि लगेच हॉल ऑफ फेममध्ये गेला. एका माणसावरून नियम सिद्ध होत नाही. लांबलेला योगायोगही तो असू शकेल. तरी २०१० मध्ये त्या करंडकासाठी पाचाचे आठ खेळ झाले, आणि त्यांतल्या स्टड, रॅझ किंवा दुर्री-ते-सत्तीच्या ड्रॉची होल्डेमइतकी तयार उत्तरे विकत मिळत नाहीत. ज्याला तो करंडक हवा आहे त्याला आजही उचलली गेलेली पाने स्वतःच्या डोक्यात धरून बसावे लागते, आणि खेळ बदलल्याची सूचना झाली की त्याच पानांचा हिशेब उलटा मांडावा लागतो.